नाव न घेता

कुंभारीच्या घरकुलांत दुपारी दारोदार विड्या वळल्या जातात. रत्नम्माच्या मांडीवरही सूप असतं. त्यात तेंदूची पानं, कात्री, तंबाखू, दोरा. तीस वर्षांच्या सवयीनं तिची बोटं आपापली चालतात, डोळे आणि जीभ गल्लीभर फिरायला मोकळी राहतात.

रत्नम्मा बाप्तिस्मा घेऊन प्रभूची झाली त्यालाही वीसेक वर्षं झाली. दारू, जुगार, अंगात येणं यांच्या सावलीलाही ती उभी राहिली नाही, आणि हे ती चारचौघींत सांगायची. मोह म्हणजे वासावरून ओळखू येणारा, दारात झिंगत उभा राहणारा कुणीतरी, अशी तिची समजूत. तो प्रार्थनेच्या चटईवर आपल्याच शेजारी डोळे मिटून बसतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

दर शुक्रवारी दुपारी गोजरबाईच्या घरी बायांची प्रार्थना असते. गीतं झाली की गोजरबाई विचारते, "कुणाची काय विनंती?" कुणी दुखरा गुडघा सांगतं, कुणी मुलाची नोकरी. त्या शुक्रवारी रत्नम्मानं पदर सावरला.

"नाव न्हाय घेत मी. पर आपल्याच गल्लीतली लेक हाय, परवा माहेरी आली. सासऱ्याची नजर वाईट. माज्याजवळ लई रडली. तिच्यासाटी मागू या."

परवा माहेरी आलेली लेक गल्लीत एकच होती, शिवलीला. "प्रभू दया करो," बाया म्हणाल्या, आणि चटईवर पुढं सरकल्या.

"नजरच, का हात बी?" गोजरबाईनं डोळे मिटता मिटता विचारलं. "म्हंजी नीट मागता यील."

रत्नम्मानं तेही सांगितलं. मग सगळ्या आमेन म्हणाल्या. ओल्या फडक्यात चार दिवस विसरलेल्या पानांना जसा आंबूस, चिकट वास सुटतो, तसं ते आमेन होतं.

रविवारी गोष्ट नळावर होती, मंगळवारी शिवलीलाच्या सासरी. सासऱ्यानं निरोप धाडला: सून खोटारडी आहे, बदनामी थांबवायची तर येत्या रविवारी परत पाठवा. शिवलीलाची आई घाबरली आणि पिशवी भरू लागली. शिवलीला रत्नम्माच्या दारात आली.

"मावशी, तुमी माज्यासाटी प्रार्थना करू नका," ती म्हणाली आणि गेली.

पुढच्या शुक्रवारी गोजरबाईनं आधी रत्नम्माकडंच पाहिलं. "त्या लेकीचं काय झालं गं? धाडत्यात म्हनं?"

सगळ्यांच्या माना वळल्या. रत्नम्माला सगळं ठाऊक होतं. पिशवीत काय भरलं, आई काय म्हणाली. तिच्या तोंडाला पाणी सुटलं, चिंचेच्या आठवणीनं सुटावं तसं. त्या पाण्याची तिला शिसारी आली. लेकरू जळतंय आणि आपल्याला चव लागतेय. ज्याला आपण दारात झिंगत उभा समजत होतो तो मोह हाच, आणि तो आपल्या तोंडात राहतो.

तिनं थुंकी गिळली.

"विनंती हाय. नाव घेऊन सांगते. रत्नम्मासाटी मागा. दुसऱ्याच्या लेकीची अब्रू चगळून तिनं हितं भक्ती केली."

"असं काय बोलतीस? पोरीचं सांग की," गोजरबाई म्हणाली.

आणखी क्षणभर बसलो तर आपण पोरीचं सांगून टाकू, हे रत्नम्माला कळलं. तिनं चप्पलसुद्धा शोधली नाही. तापल्या सिमेंटवरून अनवाणी ती शिवलीलाच्या घरी गेली आणि आईच्या हातातली पिशवी धरली.

"पाठवू नगं. पोर खरं बोलली. बोभाटा मी केला. ते न्यायला आले तर दारात मी बसते."

रविवारी ती शिवलीलाच्या उंबऱ्यावर सूप घेऊन बसली. सासऱ्याची माणसं आली; रत्नम्मानं दार सोडलं नाही, तशी चहा न पिता गेली. शिवलीला घरातच राहिली.

गल्लीत कुणी "नाव न्हाय घेत, पर..." म्हणून सुरुवात केली, की रत्नम्मा आता अर्धी विडी टाकून उठते. बाया हसतात. ती शिवलीलाच्या उंबऱ्यावर जाऊन बसते. शिवलीला तिच्याशी अजून बोलत नाही. रत्नम्मानं कात्री मागितली, तर न बघता सरकवते.