एस्तेरताईनं सोडलेला शब्द

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास दयानंद भाऊजींचा फोन आला, तेव्हा मी इंदापूरच्या शाळेच्या कार्यालयात दाखल्यांवर शिक्के मारत होते. बुधवार हा एस्तेरताईचा डायलिसिसचा दिवस. त्यामुळे रक्त भरायचं म्हणतायत, देणारं कुणीतरी बघ, असलं काही असेल असं वाटलं. भाऊजी म्हणाले, "सुनीता, ताई गेली तुझी." मागं इस्पितळात कुणीतरी कुणाला तरी नाव विचारत होतं... शेवटी म्हणाले, "पोरी शाळंत हायत. तू ये. त्यास्नी सांगायला मला न्हाय जमायचं." मशीनवर असताना तिचा रक्तदाब उतरला तो परत वर आलाच नाही, एवढंच मला मागाहून कळलं.

एसटीनं बारामतीला पोचायला दीड तास लागला. शेजारच्या जळोचीच्या शाळेच्या फाटकाशी करुणा मला बघून जागच्या जागी थांबली. ती नऊ वर्षांची; तिला सांगावं लागलं नाही. सहा वर्षांची हन्ना मात्र पळत आली आणि म्हणाली, "मावशी, तू आज कशी काय? ईस्टरला अजून चार दिवस हायत."

ताई माझ्याहून आठ वर्षांनी मोठी. आमचं गाव कळस. घर ख्रिस्ती, वडील कडक. ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळाला आमच्याकडं सरळ लेंट म्हणतात. आप्पांच्या घरात लेंट म्हणजे मटण बंद, चहा बंद, टीव्हीवर चादर आणि रोज संध्याकाळी फरशीवर गुडघे टेकून प्रार्थना. सात वर्षांची असताना एकदा मी प्रार्थनेत हसले. आप्पांनी मला भिंतीकडं तोंड करून उभं केलं. थोड्या वेळानं ताई मुकाट्यानं येऊन माझ्या शेजारी तशीच उभी राहिली. आप्पांनी विचारलं, "तुला कुणी सांगितलं?" ती म्हणाली, "कुणीच न्हाय." त्या रात्री अंथरुणात ती मला म्हणाली होती, "मला पोरं झाली ना, की मी लेंट असं भ्या घालून न्हाय पाळायची."

आणि तिनं ते खरं केलं. लग्न होऊन ती जळोचीला आली, बालवाडीत शिकवू लागली, दोन मुली झाल्या. तिच्या घरात राखेच्या बुधवारी, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवशी, सगळे जेवणाच्या ताटाभोवती बसत आणि ज्यानं त्यानं आपण काय सोडणार ते सांगायचं. दुसऱ्यानं सुचवायचं नाही. एका वर्षी करुणानं भांडण सोडलं आणि संध्याकाळपर्यंत हन्नाचे केस ओढून ते मोडलं. करुणा रडायला लागली तेव्हा ताई म्हणाली, "मोडलं तर मोडलं. उद्यापासनं परत मोजायचं. देव काय पट्टी घिऊन बसलेला न्हाय." दिवेलागणीला ती मुलींना येशूच्या शेवटच्या प्रवासातली एकेक गोष्ट सांगायची. येशू ज्याच्यावर बसून शहरात गेला त्या गाढवाची गोष्ट सांगताना स्वतः गाढव व्हायची. आप्पांनी हे पाहिलं असतं तर काय म्हणाले असते, कोण जाणे. पण त्या घरातली पोरं लेंटची वाट बघायची. हे मी दुसऱ्या कुठल्याही घरात पाहिलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी तिच्या किडन्या गेल्या. बालवाडी सुटली. आठवड्यातून दोनदा मशीन, मीठ बंद, पाणीसुद्धा मोजून. यंदा राखेच्या बुधवारी मी मुद्दाम तिच्याकडं गेले होते. भाऊजींनी तंबाखू सोडली, करुणानं मोबाईल. मग हन्नानं आईला विचारलं, "तू काय सोडणार? तुझं तर सगळंच सुटलंय." ताईनं थोडा विचार केला. "मी 'नंतर' म्हणायचं सोडते," ती म्हणाली. "तुमी काय पण मागा, मी नंतर म्हणायची न्हाय."

ते तिनं कसं पाळलं ते मी पाहिलं आहे. मशीनवरून आलेल्या दिवशी तिला उठून बसवत नसे, तरी हन्नानं "आई, वेणी घाल" म्हटलं की ती भिंतीला टेकून वेणी घालायची. हात खाली यायचे, पुन्हा वर जायचे. भाऊजी चिडायचे. ती म्हणायची, "चाळीस दिवस तर हायत."

हन्नानं राखेच्या बुधवारी गोड सोडलं होतं. आता जे लिहिते आहे ते मी कुणाला सांगितलेलं नाही. हात धुताना ती मला हळूच म्हणाली, "मावशी, मी गोड सोडलं तर आई बरी व्हईल का?" मी टॉवेलनं तिचे हात पुसत होते. मी म्हटलं, "व्हय की. लहान लेकरांचं देव लवकर ऐकतो." म्हटलं आणि विसरून गेले. माणूस लहान मुलांना काहीही बोलतो...

पाच-सहा दिवसांनी ताईचा फोन आला. हन्ना शेजारच्या शेवंताआजींना सांगत फिरत होती की मी गोड सोडलंय, आता आई बरी होणार. ताई म्हणाली, "हिच्या डोक्यात हे कुठनं आलं काय कळंना. देवाशी सौदा करायचा नसतो, म्हटलं. तर म्हणती, सौदा न्हाय, मी सोडलंयच. सुनीता, मी बरी न्हाय झाले, तर ही पोरगी सोताला बोल लावंल." तेव्हाच मी सांगायला हवं होतं. ताई म्हणाली, "ईस्टर होऊ दे. एकदा निवांत जवळ घिऊन समजावते." त्या चाळीस दिवसांत तिनं पुढं ढकललेली ती एकच गोष्ट.

तिला मातीआड करून चौथ्या दिवशी ईस्टर आला. पाळकसाहेब घरी येऊन म्हणाले होते की मुलींना चर्चमध्ये आणा. आणल्या. लोक मेलेल्यांतून उठल्याची गाणी म्हणत होते. मी ओठ हलवले. एवढंच. बाहेर मुलांना केक वाटत होते. हन्नानं हात मागं घेतला. "संपला की गं लेंट," मी म्हटलं. तिनं माझा पदर ओढला आणि मला कडुनिंबाखाली नेलं.

"मी खाल्लं व्हतं," ती म्हणाली. "पाडव्याला. शेवंताआज्जीनं गळ्यात गाठी घातली, त्यातलं एक पान खाल्लं मी. साखरंचं."

उपवासकाळात रविवार धरत नाहीत. ते आठवून मी घाईघाईनं म्हटलं, "रविवार असंल बाळा त्या दिवशी. रविवारचं चालतं."

"न्हाय. गुरुवार व्हता."

मी तिला जवळ घेतलं. आईच्या किडन्या गेल्या होत्या, गाठीच्या पानानं काही झालं नाही, असं सांगितलं. मग तेही सांगितलं, की मी तुला जे बोलले ते चुकीचं होतं, देव तसं करत नाही. ती ऐकत होती, मान हलवत होती. मग म्हणाली, "पण पान खायच्या आधी आई बरी व्हती की." तशी ती नव्हती. पण सहा वर्षांच्या मुलीला रिपोर्टमधले आकडे कसे दाखवणार? पाळकसाहेबही तिच्याशी बोलले. त्यांच्यापुढंही तिनं तशीच मान हलवली.

सुट्टी लागल्यापासून दोघी माझ्याकडं इंदापूरला आहेत. आंब्याचे दिवस आहेत. हन्ना आमरसाला हात लावत नाही. परवा मी विचारलं, तर म्हणाली, "मोडलं तर उद्यापासनं परत मोजायचं, आईनं सांगितलंय. ईस्टरनंतर आज एकवीस झालं." चाळीस झाले की काय होणार, हे मी विचारलं नाही. मी कॅलेंडरकडं बघायचं टाळते. त्या दिवशी तिला काय सांगायचं ते मला सुचलेलं नाही. भाऊजींना सांगितलं, तर ते फक्त म्हणाले, "तुझी ताई असती तर सांगितलं असतं तिनं."

संध्याकाळी दिवे लागले की करुणा येशूनं शिकवलेली प्रार्थना म्हणते, आम्ही दोघी तिच्यामागून म्हणतो. पहिल्या दिवशी ती 'आमची रोजची भाकर आज आम्हाला दे' या ओळीत 'भाकर' या शब्दाशी थांबली. मला वाटलं विसरली, म्हणून मी पुढचे शब्द सांगितले. ती म्हणाली, "येतंय मला. हितं थांबायचं असतं." शेवटच्या वर्षात ताईच्या छातीत पाणी साठायचं, ओळ एका दमात पुरी व्हायची नाही. ती जिथं जिथं दम घ्यायची, तिथं तिथं या दोघी थांबतात. त्यांना ती प्रार्थना तशीच माहीत आहे. मी लहानपणापासून ती सलग म्हणत आले, त्यामुळे रोज एकटीच पुढं जाते आणि गप्प होऊन त्यांची वाट बघते. काल मीही त्यांच्याबरोबर थांबले. तिथं काहीच ऐकू आलं नाही. मग करुणानं श्वास घेतला आणि उरलेली ओळ म्हटली.