उगवण खोलीची कडी

मारुतीचं देऊळ मागे पडलं, पांदण संपली, नांगरून पडलेल्या काळ्या वावरांमधली पायवाट लागली, तरी शुभांगीच्या तोंडून विषय निघाला नव्हता. सुकेशनी पुढे चालत होती. डोक्यावर बापाच्या भाकरीचं टोपलं, हातात पाण्याची कॅन. रिठद गावापासून त्यांचं वावर चांगलं दीड कोस. घरी मायसमोर नको, चालता चालता बोलू, एवढंच सुकेशनी निघताना म्हणाली होती, आणि आता अर्धी वाट सरली होती. मे महिन्याचं ऊन सकाळी नऊलाच पाठीवर बसलं होतं. शुभांगी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत होती. पर्समध्ये एक कागद होता.

तिला साहेबांनी पाठवलं होतं. रिसोडला शेतकऱ्यांनी मिळून काढलेली बियाण्याची एक कंपनी आहे. शुभांगी तिथं टपाल आणि आवक-जावक सांभाळते, सुकेशनी बियाण्याची उगवण तपासते. पंधरा दिवसांपूर्वी सुकेशनीनं तिथल्याच गजेंद्रविरुद्ध लेखी तक्रार दिली होती. सोमवारी चौकशीला वाशिमहून एक बाई येणार होत्या. त्याआधी पोरीनं माघारीच्या अर्जावर सही करावी, असं साहेबांचं म्हणणं होतं. सही केली तर नोकरी राहील. नाही केली, तर तिनं स्वतःच दार लावून घेतलं होतं असं सांगायला चार जण तयार आहेत. साहेबांनी हे चहा पिता पिता सांगितलं होतं, बिस्किट बुडवत. ते ओलं बिस्किट त्यांच्या बोटांत लोंबत होतं, आणि शुभांगीला त्या दिवसापासून बिस्किट खाववत नव्हतं.

माघारीचा तो अर्ज शुभांगीच्याच अक्षरात होता. तुमचं वळण चांगलं आहे म्हणून साहेबांनी तिलाच बसवलं आणि तिनं लिहून दिला.

पुढे चालणारी ही पोरगी तिला काही नवीन नव्हती. चार वर्षांची ओळख. इंद्रभानची थोरली. बापाला अडीच एकर आणि बाकी दिवस दुसऱ्याच्या वावरात काम. माय लिलाबाई अंगणवाडीत मदतनीस. पेरणीआधी घरोघरी ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडून बियाणं तपासतात, तसं यांच्या अंगणातही मांडायचे, आणि किती उगवले ते मोजायचं काम सात वर्षांच्या सुकेशनीकडे असायचं. चौथीत असताना तिनं बापाला सांगितलं होतं की मामानं दिलेलं बियाणं पेरू नका, त्यात जीव नाही. मामा रुसला, पण बापानं पोरीचं ऐकलं. पुढं ती शाळेला आणि मग कॉलेजला सायकल, जीप, एसटी जे मिळेल त्यानं गेली, शेतीची पदविका घेतली, आणि कंपनीत लागली. टेबलावर नावाची पाटी कोणी दिली नाही, म्हणून तिनं पुठ्ठ्यावर स्वतःच नाव लिहून लावलं. शेजारी बाबासाहेबांचा लहान फोटो.

सोयाबीनचे शंभरातले सत्तर दाणे उगवले तरच बियाणं पास. एकदा एका पोत्याचे एकोणसत्तर निघाले. एक कोंब अर्धा बाहेर आलाय, तो धरून टाक, असं साहेब म्हणाले. अर्धा निघालेला मोजत नाही, साहेब, असं म्हणून तिनं एकोणसत्तरच लिहिले. तेव्हापासून शेतकरी कंपनीत आले की साहेबांकडे न जाता आधी तिच्या टेबलाशी जायचे.

आणि हीच पोरगी शनिवारच्या पिक्चरला सगळ्यांत मोठ्यानं हसायची.

शनिवारी अर्धा दिवस असतो. शेतकऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी एक हॉल आहे, त्यात प्रोजेक्टर आहे. दुपारी तिथं डबे उघडायचे आणि बिलं करणारी चंदा आपल्या मोबाईलवरून पिक्चर लावायची. अर्धा या शनिवारी, अर्धा पुढच्या. मारामारी नको, रडारड नको, ऑफिसातला हसताखेळता पाहिजे. पिक्चर कोणताही लावा, गोष्ट तीच. काचेचं ऑफिस, तिरसट साहेब, नवीन आलेली पोरगी. ती त्याच्या सदऱ्यावर कॉफी सांडते, तो घालूनपाडून बोलतो, ती त्याच्या तोंडावर फाईल आपटते. मग लिफ्ट बंद पडते, दोघं आत अडकतात, आणि दार उघडेपर्यंत भांडण मिटलेलं असतं. बाहेर सारं ऑफिस टाळ्या वाजवत उभं.

शुभांगीलाही ते आवडायचं. खोटं कशाला बोला. घरी भाजीचा मळा, पहाटे मेथीच्या जुड्या बांधायच्या, सासऱ्यांचं औषध, पोरांचे डबे. त्या हॉलमधल्या दोन तासांत तिला कोणी हाक मारत नसे. पिक्चरमधल्या बायकांची एसटी चुकत नव्हती, चपलेचा अंगठा तुटत नव्हता. काम तर कोणी करताना दिसतच नव्हतं. चंदाचा नवरा चार-चार दिवस बोलत नाही. ती पडद्याकडे बघताना तोंडातला घास चावायची विसरायची.

गजेंद्र गावोगाव फिरून बियाणं गोळा करायचा. इस्त्रीचा शर्ट, तोंडात कायम वेलदोडा, बोलायला आला की आधी तो वास यायचा. शनिवारी तोही हॉलमध्ये मागे उभा राहून बघू लागला आणि मग सोमवारी पिक्चरमधलं करून दाखवू लागला. एकदा सुकेशनीच्या रजिस्टरवर मुद्दाम चहा सांडला आणि छातीवर हात ठेवून माफी मागितली. सगळ्या हसल्या. सुकेशनीनं ओलं पान पंख्याखाली वाळवलं आणि त्याला दोन शब्दांत समज दिली. पुढच्या वेळी चार माणसांत दिली. पिक्चरमधलीही आधी चिडतेच की, असं चंदा म्हणाली, आणि पुन्हा सगळ्या हसल्या.

गजेंद्रच्या घरी मुली पाहणं चालू होतं. जातीतल्या. चंदाला ते ठाऊक होतं, झाडलोट आणि चहा करणाऱ्या बेबीताईला ठाऊक होतं, शुभांगीलाही होतं. सुकेशनीला तो कधी आपल्या घराचा उंबरठा ओलांडू देणार नव्हता, हे हॉलमधल्या प्रत्येकीला माहीत होतं. तरी जोडी, जोडी म्हणून चिडवायच्या.

मग एप्रिलातला तो शनिवार. पडद्यावर लिफ्ट अडकली होती. चंदा म्हणाली, आपल्या इथं लिफ्ट असती तर यांचंही एकदाचं जमलं असतं. बेबीताई उष्टे डबे गोळा करत म्हणाली, "लिफ्ट कायले पाह्यजे? उगवण खोली हाये ना."

उगवण खोलीला खिडकी नाही. ओल टिकावी म्हणून दार जड आहे आणि आपोआप उघडू नये म्हणून त्याला कडी बाहेरून आहे. आत मांडणीवर ट्रे, ट्रेमध्ये ओल्या गोणपाटाच्या वळकट्या, प्रत्येकीत एकेका लॉटचे, म्हणजे एका खेपेच्या बियाण्याचे, शंभर दाणे. सुकेशनी जेवण सोडून पाणी शिंपडायला आत गेलेली होती. गजेंद्रनं या सगळ्यांकडे पाहून डोळा मारला, केसांवरून हात फिरवला आणि आत शिरला.

कडी शुभांगीनं लावली. कोणी तिचा हात धरला नव्हता. ती दाराच्या सगळ्यांत जवळ होती आणि हसत होती.

आधी त्याचा आवाज आला, पडद्यावरच्यासारखा, लाडात. मग तिचा. दार उघडा म्हणत होती. बाहेर हशा. मग काहीतरी धाडकन पडलं. फाईली पडल्या, असं चंदा म्हणाली आणि हसून हसून तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. मग आतून नाव घेऊन हाक आली. शुभांगीताई. थोड्या वेळानं पुन्हा, शुभांगीताई. शुभांगीनं कडीवर हात ठेवला. चंदानं तो बाजूला केला. "थांब ना वं, गाणं तं होऊ दे."

दहा मिनिटं. उघडलं तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

गजेंद्र आधी बाहेर आला, शर्ट खोचत, हसत. मानेवर लाल ओरखडा होता. मागून सुकेशनी. ओढणी गळ्यात नव्हती, हातात होती. मनगटावर बोटांचे वळ. टाळ्या एकेक करून थांबल्या. ती कोणाकडे न बघता नळावर गेली आणि बेबीताईच्या भांड्यांच्या साबणानं तिनं दोन्ही हात कोपरापर्यंत धुतले. मग मान, मग तोंड. पुन्हा हात. परत येऊन म्हणाली, "लॉट पुन्हा लावा लागीन. दाणे मिसळले."

त्या गुरुवारी शुभांगी पोथी वाचायला बसली तर पान उलटताना बोटांना ओल्या गोणपाटाचा, कुबट वास आला. उठून हात धुतले, पुन्हा बसली, तरी वास होताच. देवापुढे कबूल करणं तिला सोपं गेलं. देव कुणाला सांगायला जात नाही. आणि त्यानंतरच्या आठवड्यात तिनं याच बोटांनी लिहिलं होतं, 'सदर तक्रार गैरसमजातून दिली होती.'

नाला उतरून दोघी पलीकडच्या चढाला लागल्या. शेवटी शुभांगीनंच तोंड उघडलं. साहेबांचा निरोप सांगितला. नोकरीचं सांगितलं, त्या चार जणांचं सांगितलं, आणि कागद पुढे केला. सुकेशनीनं कॅन खाली ठेवली, टोपलं एका हातानं धरून कागद वाचला.

"अक्षर तुमचं हाये," ती म्हणाली.

"हो."

तिनं कागदाची पुन्हा तशीच घडी केली, ती मुठीत धरली, कॅन उचलली आणि चालू लागली. वाटेत एक बोर आली. तिची फांदी तिनं शुभांगीला लागू नये म्हणून धरून ठेवली, ती पार होईपर्यंत. हे तिनं करायला नको होतं असं शुभांगीला वाटलं.

"ते पिक्चर मले काहून आवडे, सांगू का ताई?" सुकेशनी पुढं बघतच म्हणाली. "त्यातली पोरगी साहेबाच्या तोंडावर फाईल फेकते आन दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर येते. तिले नोकरी जायाचं भेवच नसते. मले ते पाहून लय हासू ये. पिरेमाचं काय, ते तुमी पाहत होत्या."

माझी चूक झाली, असं काहीतरी शुभांगी पुटपुटली. त्या मेल्या गजेंद्रचं तोंड बघायची इच्छा होत नाही, चंदाशी बोलणं सोडलं, शनिवारी आता हॉलला कुलूप असतं, असंही सांगितलं. सुकेशनीनं सगळं ऐकून घेतलं. मग तिनं विचारलं की साहेब म्हणतात ते चार जण कोण. गजेंद्र, चंदा, बेबीताई, शुभांगीनं नावं घेतली.

"तीन झाले," सुकेशनी म्हणाली.

शुभांगी चालायची थांबली. चौथं नाव तिनं स्वतःलाही अजून सांगितलं नव्हतं. साहेबांनी तिला विचारलं नव्हतं, नुसतं धरून चाललं होतं. आणि तिनं नाही म्हटलं नव्हतं. बांधाकडे तोंड करून ती थुंकली आणि पदरानं ओठ पुसले.

वावर आलं. पलीकडच्या टोकाला इंद्रभान वाकून धसकटं वेचत होता. पोरीला बघून त्यानं हात वर केला, सोबत कोणी पाहुणी आहे हे पाहून डोक्याचं फडकं नीट केलं. सुकेशनीनंही हात वर केला. बाबाला यातलं काही माहीत नाही, वावरातल्या कामासाठी सुट्टी घेतलीय एवढंच सांगितलंय, असं ती हळू म्हणाली. कडुनिंबाखाली तिनं टोपलं उतरवलं. भाकरीवरचं फडकं वर केलं आणि त्याखालून एक पेन काढला.

पेन सकाळीच घरून निघताना ठेवलेला होता. म्हणजे हिला ठाऊक होतं, शुभांगीच्या लक्षात आलं. साहेबांचं माणूस कोण येईल, कशाला येईल, आणि चालता चालता कुठपर्यंत येईल, सगळं.

सुकेशनीनं मुठीतला कागद उलगडला, उलटा केला, कोरी बाजू वर करून टोपल्याच्या काठावर ठेवला आणि पेन शुभांगीच्या हातात दिला. आवाज तिचा रजिस्टरचे आकडे सांगताना असतो तसाच होता.

"त्यानं आत काय केलं ते मी लिवलं हाये. ते तुमाले लिवाचं नाई, तुमी पाह्यलं नाई. तुमी केलं तेवढंच लिवा, ताई. कडी बाहेरून होती. ती तुमी लावली. मी दोन डाव तुमचं नाव घेऊन हाक मारली, आन तुमी हासून राह्यल्या होत्या. यातलं कमी करू नका, जास्तबी करू नका. आन खाली सही करा."