मागून बसलेली कॉन्टेसा

नांदेडला आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाड्यांचे कमानपाटे बसवणारा एक मिस्त्री आहे. गाडी आली की तो गाल जमिनीला टेकवून आडवा होतो आणि खालून बघतो. मालकाशी बोलतो तेही गाडीकडे बघतच.

वडिलांची जुनी कॉन्टेसा पुढून अजून रुबाबदार, पण मागून पार बसली होती. स्पीडब्रेकरवर सायलेन्सर घासायचा. भाचीची पाठवणी याच गाडीतून व्हायची होती आणि लग्न दुसऱ्याच दिवशी होतं. मिस्त्रीनं पाटे बदलून मागची बाजू उचलली, तरी माझी धाकधूक जाईना.

"नवरीसोबत तिघी बसल्या तर?" मी विचारलं.

"थांबा ताई." त्यानं दुकानामागच्या घरातून आई, बायको आणि दोन वहिन्यांना बोलावून मागे बसवलं. स्वतः दुकानासमोरच्या स्पीडब्रेकरपाशी आडवा झाला. मी श्वास रोखून गाडी वरून नेली. काहीच आवाज झाला नाही.

तो माती झटकत उठला. "न्हाई घासली. न्या लेकीला बिनघोर."

माझ्या जिवात जीव आला. मागून त्याची आई म्हणाली, "आता बसलोच हाव तर एक चक्कर होऊ दे की, बाई."

मी हसत गाडी लोहा गावाच्या रस्त्याला लावली.