बारा हात रुंदीची रेघ

वऱ्हाडातले लोक गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवत होते, त्याच साली पुंजाराम अढाऊनं कमरेचा चांदीचा करदोडा सोडला आणि त्याची पेन्सिल घेतली.

साल अठराशे चौसष्टचं. तिकडे अमेरिकेत गोरे गोऱ्यांशी भिडले होते, तिथला कापूस अडला होता आणि इकडे अकोल्याच्या बाजारात कापसाच्या गाड्या उभ्या राहायला जागा नव्हती. ज्या बांधावर काल शेळ्या चरत होत्या, त्या बांधावर आता माणसं कुऱ्हाड घेऊन उभी राहत. हातभर काळी जमीन म्हणजे हातभर कापूस. नेमक्या त्याच सुमाराला इंग्रज सरकारनं वावरांची मोजणी काढली, आणि त्या मोजणीत पुंजाराम मोजणीदार होता. वय तिशीचं, अंगानं चिपाड, आवाज मात्र ढोलाचा. साखळीवाल्यांकडून साखळी ताणून घ्यायची, आकडे मांडायचे आणि फळीवर ताव अंथरून वावराचा नकाशा काढायचा, हे त्याचं काम. हात सरळ होता. बोलणं त्याहून सरळ होतं, आणि सगळी अडचण तिथंच होती.

कचेरीची एक रीत होती. मोजणीदाराला महिन्याला एक पेन्सिल. महिना सरला की उरलेलं थुटूक परत करायचं, तेव्हाच नवी मिळायची. थुटूक बोटभरापेक्षा लहान निघालं तर कचेरीतले मुख्य कारकून चिंतोपंत ते दोन बोटांत धरून विचारायचे, "खाल्लीत काय हो पेन्सिल?" चिंतोपंत पुण्याकडचे. त्यांना वऱ्हाडी बोलणं दगड फेकल्यासारखं लागे. त्यांच्या धाकानं मोजणीदार पेन्सिल दिवसातून एकदाच तासायचे, सकाळी. शिसं मऊ, ताव खरबरीत, वर धूळ. दुपारपर्यंत टोक बोथट व्हायचं आणि दिवस कलताना रेघ अशी जाड उमटायची की जणू बोटानं काजळ ओढलं. सकाळच्या वावरांच्या रेघा केसासारख्या, संध्याकाळच्या वावरांच्या दोरखंडासारख्या. सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी बोलत नव्हतं. पुंजारामही बोलत नव्हता.

मग बोरखेडची गोदाबाई आली.

बोरखेड अकोल्यापासून अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. तिथं गोदाबाई आणि तिचा नवरा नत्थुजी यांचं वावर होतं, आणि वावरात धुऱ्याला, म्हणजे बांधाला, लागून विहीर. दोघांनीच खणली. ती टोपल्यानं माती वर ओढायची, तो खाली सब्बल मारायचा. पाणी लागलं त्या दिवशी वरून दगड सुटला आणि नत्थुजीचा पाय गेला. तेव्हापासून नांगर गोदाबाईच्या हातात. धुऱ्यापलीकडे खुशालराव पाटलाचं वावर, चौपट मोठं आणि कोरडं.

गोदाबाई मोजणीच्या तळावर आली ती थेट पुंजारामच्या फळीपुढे उभी राहिली. पदर खोचलेला, पायाला वावराची माती.

"काहून रे, तूच का तो पुंजाराम?"

"हो जी. काय झालं माय?"

"तुह्या रेघीत माही इहीर बुडाली."

पुंजाराम हसला. "रेघीत कुठं इहीर बुडते?"

"हसू नको. खुशालराव तुहा कागद पाहून आला. म्हणते, नकाशात इहीरच नाई. धुऱ्याच्या रेघीत गेली. म्हणजे धुऱ्यात हाय. अन् धुरा दोघायचा. उद्या मोट बांधतो म्हणते. काढ तुहा कागद."

त्यानं ताव काढला, आणि हसू ओठातच सुकलं. बोरखेडचा तो कोपरा त्यानं दिवस बुडताबुडता काढला होता. रेघ काळी, फुगलेली. विहिरीचं चिमुकलं वर्तुळ त्यानं मांडलं होतं खरं, पण त्याच्यावरून धुऱ्याची रेघ गेली होती आणि वर्तुळ पार गिळलं होतं. त्यानं परकारानं रेघेची रुंदी धरली आणि मापाच्या पट्टीवर टेकवली. कागदावरची ती रेघ रानात बारा हात भरत होती.

"इहीर धुऱ्यापासून किती लांब हाय माय?"

"तीन हातावर काठ हाय. तूच मोजला. मी साखळीचं टोक धरलं होतं."

पुंजारामनं तावाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हाताकडे. "चुकलं माय. माहंच चुकलं. दुरुस्त करतो."

कचेरीच्या मांडवात चिंतोपंतांनी मात्र ताव हातात घेऊन परत ठेवला. "झालेला ताव झाला. आठ दिवसांनी साहेब तपासणीला बोरखेडला येणार आहेत. आता फिरवाफिरव कसली?"

"रेघ जाड हाय, पंत. बारा हात जमीन रेघीतच गेली."

"मग पेन्सिल तासायची होती."

"तासली तर थुटूक पुरत नाई. नाई तासली तर इहीर पुरत नाई. काय करू?"

"हे बघा अढाऊ, जिभेलाही जरा तासा." मांडवातले दोघेतिघे हसले. पंतांना चेव आला. "मोजणी सरकारी, पेन्सिल सरकारी. तिनं जी रेघ उमटेल ती सरकारी रेघ. आमच्याकडे दुसरी पेन्सिल नाही."

"मंग मी माही आणतो," पुंजाराम म्हणाला.

साहेबाच्या हातात त्यानं कळीची पेन्सिल पाहिली होती. लाकूड नाही, तासणं नाही. मागून पीळ दिला की पुढून शिसाची बारीक काडी निघायची. काडी बोथटली की खापरीवर दोनदा घासली, झालं. थुटूक नाही, त्यामुळे थुटकाचा हिशेबही नाही. अकोल्यात एकच मिळाली, तीही फुटकी. चांगला माल अमरावतीला, परकोटाच्या आत, अब्दुल सत्तार बिसात्याच्या दुकानात मिळतो असं कोणीतरी सांगितलं.

घरी त्यानं करदोडा सोडला तेव्हा त्याची बायको कौशल्या चुलीपुढून उठली.

"हे काय जी? मर्दाची कंबर उघडी? लोकं चाकाले चांदी बसवून राहिले अन् तुमी कमरेची सोडून राहिले!"

"काम हाय."

"कोणतं काम?"

"पेन्सिल घ्याची हाय."

कौशल्यानं त्याच्याकडे बघितलं, डोक्याला ऊन लागलंय का ते पाहावं तसं. "माह्या बापानं लग्नात दिलेला करदोडा! त्याची पेन्सिल! अन् ते मोडली तर? तिच्या मोडीचं काय, डोयात काजळ घालू?"

"बुडालेली इहीर काढाची हाय," तो म्हणाला आणि त्यानं सगळं सांगितलं. कौशल्यानं शिदोरी बांधायला घेतली. मग गाठ मारता मारता म्हणाली, "घेतलीच तर चांगली घ्या. दुकानदाराच्या गोड बोलण्यावर जाऊ नका. वांगं घेतो तशी दाबून पाहून घ्या."

अमरावतीत अब्दुल सत्तारचं दुकान कापसाच्या पैशानं फुगलं होतं. आरसे, घड्याळं, छत्र्या, अत्तराच्या कुप्या. सत्तारभाईनं मखमलीवर चार पेन्सिली मांडल्या आणि सगळ्यांत चकचकीत होती ती पुढं सरकवली.

"हे घ्या, मोजणीदारसाहेब. चांदीची. वर नक्षी पाहा, वेलबुट्टी! मोठमोठे पाटील घेऊन राहिले. घड्याळाच्या साखळीले लटकवतात."

"लिहितात का तिनं?"

"लिहाचं काय काम? दिसते ना!"

पुंजारामनं ती उचलली आणि दुकानाबाहेर उन्हात पायरीवर ठेवली. चैताचं ऊन. सत्तारभाईशी दोन शब्द बोलून होईस्तोवर चांदी अशी तापली की उचलताना बोट भाजलं.

"हे वावरात पोई भाजाच्या कामाची," तो म्हणाला.

दुसरीला हस्तिदंताची दांडी होती. ती तापली नाही. पण त्यानं पीळ देऊन काडी काढली, अंगठ्याच्या नखावर दाबली, आणि काडी गोगलगायीसारखी आत गेली.

"हे तर घाबरते सत्तारभाई."

"अमा, इतकी जोरानं काहून दाबता? नाजूक चीज आहे!"

"ताव खरबरीत हाय आमचा. अन् आमीबी."

तिसरी दाबायला पक्की, पण गोल. त्यानं ती नकाशाच्या फळीच्या उताराएवढ्या उतारावर ठेवली. ती घरंगळत खाली अत्तराच्या कुप्यांत जाऊन पडली. सत्तारभाईनं कुप्या मोजल्या आणि कपाळाचा घाम पुसला. चौथी काळ्या लाकडाची, सहा पैलूंची, टोकाला पितळ, मागे कडी. तिच्यावर नक्षी नव्हती म्हणून ती मखमलीच्या काठाला पडून होती. दाबली, मागे सरली नाही. उतारावर ठेवली, जागेवर बसली. उन्हात ठेवली, हाताला सोसली. काडी कडक, रेघ राखाडी आणि बारीक. त्यानं आपल्याजवळच्या तावाच्या तुकड्यावर ओळीनं तीस रेघा ओढल्या आणि पहिल्या रेघेला शेवटची ताडून पाहिली.

मग त्यानं उपरण्याची गाठ सोडली. गाठीत बोरखेडच्या वावरातली मूठभर वाळली काळी माती होती. ती त्यानं पायरीवर ओतली आणि पेन्सिल तिच्यात खुपसली.

सत्तारभाई गादीवरून उठलाच. "या अल्ला! भाऊ, हे काय करून राहिले? माल आहे माझा, भाजी नाही!"

"मले हे वावरातच चालवाची हाय. तुमच्या गादीवर नाई." पुंजारामनं ती बाहेर काढली, फुंकली, पीळ दिला. आत करकर झाली, मग काडी सरळ बाहेर आली. दुसऱ्यांदा खुपसली. पुन्हा आली.

सत्तारभाई खाली बसला आणि हसू लागला. "वीस वर्षं दुकान आहे. माल चाखून घेणारे पाह्यले, सुंगून घेणारे पाह्यले. मातीत गाडून घेणारे तुमीच. घ्या. काड्यांची डबी माझ्याकडून." करदोडा त्यानं काट्यात टाकला आणि जास्त घासाघीस केली नाही.

परतल्यावर पुंजारामनं बोरखेडचा तो कोपरा स्वतःच्या जीवावर पुन्हा मोजला. साखळीवाले आले नाहीत. चिंतोपंतांनी बजावलं होतं. साखळीचं एक टोक गोदाबाईनं धरलं, दुसरं नत्थुजीनं, कुबडीवर उभं राहून. नवा ताव भर दुपारी काढला.

तपासणीला साहेब आला तेव्हा धुऱ्यावर सगळं बोरखेड जमलं होतं. फळीवर चिंतोपंतांनी जुना ताव मांडला. पुंजारामनं त्याच्यावर आपला नवा ठेवला.

"हा ताव बेकायदा आहे," पंत साहेबाला सांगू लागले. "खासगी पेन्सिलीनं काढलेला. कचेरीच्या—"

खुशालराव पाटील पुढे आला. पोटावर घड्याळाची साखळी, साखळीला चांदीची पेन्सिल, वर वेलबुट्टी. "पेन्सिलीचा काय तोरा दाखवतं बे? हे पाह्य, माह्यापाशीबी हाय. तुह्याहून भारी."

"मंग पाटील, काढा एक रेघ," पुंजाराम म्हणाला. "तुमच्या पेन्सिलीनंच धुरा काढा. मी मानतो."

लोक सरकून जवळ आले. पाटलानं पेन्सिल काढली, पीळ दिला. काही निघालं नाही. आणखी पीळ दिला. टोकातून तपकिरीची भुकटी पडली. पाटील तिनं तपकिरीची डबी उकरायचा, हे त्याच्या घरच्यांना ठाऊक होतं. आता गावाला झालं.

"शिसं कुठं गेलं जी?" गोदाबाईनं विचारलं. "तेबी रेघीत बुडालं का?"

हशा थांबेपर्यंत साहेब दोन्ही ताव न्याहाळत होता. मग त्यानं स्वतः साखळी लावायला सांगितली. धुऱ्यापासून विहिरीच्या काठापर्यंत तीन हात. जुन्या तावावर काळा पट्टा. नव्या तावावर बारीक रेघ, मग उघडा कागद, मग विहिरीचं गोल. साहेबानं जुन्या तावावर आडवी फुली मारली आणि नव्यावर सही केली.

पुंजारामनं तेवढ्यावर थांबावं, असं कोणीही शहाणा म्हणाला असता.

"साहेब," तो म्हणाला, "आणखी अकरा वावरं हायत. सगळी मी दिवस बुडताना काढली. त्यायच्या रेघाबी अशाच हायत. पुन्हा काढू द्या."

चिंतोपंत पांढरे पडले. "तुम्हाला कोणी विचारलं?"

"कोणीच नाई. म्हणूनच सांगून राहिलो."

अकरा वावरांची परवानगी मिळाली. आणि ते काम संपताच, कचेरीला न विचारता हत्यार वापरलं आणि वरिष्ठांपुढं उलट बोलला म्हणून, पुंजारामची बदली मेळघाटच्या जंगलात झाली. तो हुकूम पंतांनी स्वतः वाचून दाखवला, सावकाश, घोट घेतल्यासारखा. शेवटी म्हणाले, "कचेरीचं थुटूक जमा करा."

पुंजारामनं सरकारी पेन्सिल मेजावर ठेवली. सकाळी एकदाच तासलेली, जवळजवळ पुरी. "घ्या पंत. खाल्ली नाई."

जाताना वाट बोरखेडवरूनच होती. धुऱ्यावर खुशालराव उभा होता. "काय बे, आता जंगलात वाघाचे धुरे काढतं का?"

"वाघ तरी आपला धुरा ओळखतो, पाटील."

गोदाबाईनं विहिरीतून पाणी शेंदलं, त्याला पाजलं, छागळ भरून दिली. मग त्याच्या कमरेकडे पाहिलं.

"करदोडा कुठं हाय रे तुहा?"

त्यानं पेन्सिल दाखवली.  ती घरात गेली आणि काळ्या सुताचा, हातानं वळलेला करदोडा घेऊन आली. "उघड्या कमरेनं जाऊ नये. बांध."

पुंजारामनं तिथंच विहिरीच्या काठावर उभं राहून करदोडा बांधला, पेन्सिलीची कडी त्यात ओवली आणि गाठ मारली. मग धुऱ्यावरून न जाता तो गोदाबाईच्या बाजूनं, विहीर आणि धुरा यांच्यामधल्या तीन हातांतून, मुद्दाम सावकाश चालत गेला. खुशालराव बघत होता.