विमानाच्या नाकात मटकी

मी एकदा लढाऊ विमानाच्या नाकात मटकी भरली. चांगली तीन चमचे. जन्मभर मटकी भिजत घालत आलेल्या बाईला ओली मटकी फुगते हे त्या दिवशी आठवलं नाही. हे मी इथे लिहूनच ठेवते, म्हणजे मी गेल्यावर कोणी माझ्या हुशारीचे गोडवे गाणार नाही.

विमान खरं नव्हतं. एकाहत्तरच्या लढाईतल्या एका छोट्या लढाऊ विमानाची ती प्रतिकृती होती, वीतभर लांब, प्लास्टिकच्या सुट्या तुकड्यांतून जोडायची. सत्तरीला टेकलेल्या बाईनं हा उद्योग का करावा, तर त्यामागे आणखी एक मूर्खपणा आहे. तो मी बाविसाव्या वर्षीच करून ठेवला होता.

माझे भासरे, म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ, हवाई दलात मेकॅनिक होते. मी लग्न होऊन रायपुरात तात्यापाऱ्यातल्या घरी आले, तेव्हा ते दलातली नोकरी संपवून नुकतेच परतले होते. पहिल्याच दिवाळीत जेवणाच्या पंगतीत ते लढाईच्या दिवसांचं सांगत होते. पहाटेच्या थंडीत विमानाखाली पाठीवर सरपटत जायचं, चाकं तपासायची, हवा भरायची. मी वाढत होते. बी.ए. झालेली, नवी कोरी सून. नऊवारीत धड चालता येत नव्हतं, पण जिभेला कुठे लुगडं नेसवलं होतं. मी म्हणाले, "म्हणजे तुम्ही हवा भरत होते? आमच्याकडे तर सांगितलं होतं, विमान उडवतात म्हणून."

पंगत हसली. आपण फारच विनोदी आहोत असं वाटून मीही हसले. भासऱ्यांनी हातातली पुरी मोडली आणि भाजीत मीठ कमी आहे म्हणाले. भाजीत मीठ बरोबर होतं.

त्या दिवसापासून घरात त्यांचं नाव 'हवावाले' पडलं. पुढे ते भनपुरीला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे लागले, तेव्हा "आता ट्रकांत हवा भरा" म्हणून पुन्हा एकदा सगळे हसले. विमानाचा विषय मात्र त्यांनी परत काढला नाही. पोरांनी विचारलं तरी "हव, होतो तिथं" एवढंच.

गेल्या वर्षी त्यांचं सहस्रचंद्रदर्शन करायचं ठरलं. ऐंशी ओलांडलेल्या माणसाकडे किती दिवस असतात? मला वाटलं, एकदा त्यांनी ते सगळं पुन्हा सांगावं आणि मी तोंड मिटून ऐकावं. सरळ माफी मागायची हिंमत नव्हती, म्हणून विमान द्यायचं ठरवलं. मी अशीच आहे. दोन शब्दांत होणारं काम दोनशे तुकड्यांत करते.

नातीनं खोका मागवून दिला. ती कॉलेजात जाते, मराठी सगळी समजते आणि उत्तर हिंदीत देते. खोक्यातून तुकड्यांच्या जाळ्या निघाल्या आणि एक मोठा घडीचा कागद.

"आजी, पहले पूरा पढ़ लो."

"मी कागद वाचून पुरणपोळी शिकली का?" मी म्हणाले.

पुढचे तीन आठवडे जेवणाच्या टेबलावर विमानतळ होता आणि आम्ही जमिनीवर जेवलो. भुवया उपटायच्या चिमट्यानं मी वैमानिकाची खुर्ची बसवली. नखं घासायच्या कानशीनं सांधे घासले. वरून हिरवे आणि मातकट पट्टे, खालून फिका राखाडी. पट्ट्यांची कड सरळ यावी म्हणून चिकटपट्टी लावायची असते, पण रांगोळीत बक्षिसं मिळवलेली बाई चिकटपट्टी लावते का? एक पट्टा कोयरीसारखा झाला. पंखांवरची तिरंगी वर्तुळं वाटीतल्या पाण्यात भिजवून सरकवायची होती. त्यातलं एक माझ्या अंगठ्यावर चिकटलं आणि दोन दिवस मीच हवाई दलात होते.

सगळ्यात जास्त वेळ मी चाकांना दिला. टायर काळे, मधली तबकडी चंदेरी, आणि तिच्यावर टाचणीच्या टोकानं पितळी रंगाचा एकच ठिपका, हवा भरायच्या तोंडाचा. तो कागदात नव्हता. तो माझा होता.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी मी विमान पहिल्यांदा तीन चाकांवर उभं केलं. त्यानं नाक वर केलं आणि ते शेपटीवर बसलं. पुन्हा उभं केलं, पुन्हा बसलं, हट्टी पोट्ट्यासारखं.

नातीनं कागद उघडून बोट ठेवलं. दोन्ही भाग चिकटवण्याआधी नाकात वजन टाकायचं असतं, नाहीतर मागची बाजू भारी होते. हे पहिल्याच पानावर होतं. ती म्हणाली, "शाम को मछली पकड़ने वाले छर्रे ला दूँगी. तब तक हाथ मत लगाना."

संध्याकाळपर्यंत थांबायचं मला सुचलं असतं तर मी मी कशाला झाले असते? पुढच्या चाकाच्या खाचेत तापल्या सुईनं भोक पाडलं. स्वयंपाकघरात पाहिलं, मटकी दिसली. बारीक, गोल, वजनदार. भोकातून सुळसुळ गेली. आत खडखडू नये म्हणून सुतारकामाचा पांढरा गोंद पाणी घालून पातळ केला आणि वरून ओतला. भोक बुजवलं, चाक बसवलं. विमान उभं राहिलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, इतकी मी स्वतःवर खूश झाले. लगेच कापसात गुंडाळून मिठाईच्या डब्यात ठेवलं आणि नातीला सांगितलं, "छर्रे नको, झालं."

आम्ही केव्हाच वेगळे राहायला गेलो होतो, भासरे मात्र अजून जुन्याच घरी. दुसऱ्या दिवशी तिथे, तात्यापाऱ्यात, दिव्यांनी ओवाळणं झालं, आणि मी सगळ्यांसमोर भासऱ्यांच्या मांडीवर डबा ठेवला. त्यांनी झाकण काढलं, कापूस बाजूला केला. विमानाचं नाक उभं फाकलं होतं, हसल्यासारखं. दोन टपोरे ओले दाणे त्यांच्या नव्या धोतरावर घरंगळले. एकाला पांढरं शेपूट होतं.

"आजी," नात हळूच म्हणाली, "इसमें तो मोड आ गए."

पुन्हा पंगत हसली. या वेळी माझ्यावर, आणि रास्तच होतं. मी भासऱ्यांकडे पाहायचं टाळत होते. त्यांनी भाजीत मीठ कमी आहे म्हटलं असतं तर मी तिथेच बसून रडले असते.

पण ते नाकाकडे बघतच नव्हते. त्यांनी चष्मा वर केला, विमान डोळ्यांजवळ धरलं आणि नखानं एक चाक फिरवलं. पितळी ठिपका वर आला, खाली गेला, वर आला.

"हे कोणं काढलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"पुस्तकात पाहून?"

"नाही. तुम्ही सांगितलं होतं ना, हवा भरत होते म्हणून."

ते बराच वेळ चाक फिरवत राहिले. मग शेजारी बसलेल्या नातीला म्हणाले, "या चाकात हवा जराशी कमी राहिली ना, तर विमान उतरतांना एका बाजूले ओढते. वरच्याचा जीव आमच्या हातात राहे." आणि मग पहाटेची थंडी आली, गोठलेली बोटं आली, विमानाखाली सांडलेल्या तेलाचा वास आला. जेवणं खोळंबली. कोणी उठलं नाही. मी तोंड मिटून ऐकलं, तेही सलग अर्धा तास. घरातल्यांना याचंच जास्त नवल वाटलं.

निघताना मी पाया पडले आणि म्हणाले, "भाऊजी, मी त्या दिवाळीत जे बोलले ना..."

त्यांनी हातानं थांबवलं. डबा बंद करून आपल्याच जवळ ठेवला आणि म्हणाले, "धाकटे, उद्या सकाळी येजो. नाक खोलू, धुऊ, पुन्हा बसवू. कागद घेऊन येजो, अन् मटकी घरीच ठेवजो."