मोहाखालचा लाल दिवा

पत्रू माझा भाटवा, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचा, मंगलीचा नवरा. भाटव्याची थट्टा करायचा हक्क साळ्याला असतोच, आणि इतका भित्रा भाटवा मिळाल्यावर तो हक्क मी कधी वाया घालवला नाही. पोंभुर्ण्यात त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आहे आणि त्याला लागून माझं पंक्चरचं. त्यामुळे त्याची भीती मी रोज जवळून पाहतो. कुत्रं भुंकलं की हा दुकानात. आभाळ गरजलं की हा दुकानात. बाहेर लघवीला जायचं तरी आधी दोन्हीकडचा रस्ता पाहणार, जणू वाघ याच्यासाठीच सकाळपासून ताटकळत बसला आहे.

पण त्याचं काम चांगलं आहे ते या भीतीमुळेच, हे कबूल करायला पाहिजे. गाडीला हात लावायच्या आधी तो बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडतो आणि तिला चिंधी गुंडाळून ठेवतो. उघडी वायर मुरगाळून वरून टेप चिकटवणं त्याला चालत नाही. शॉर्ट होईल, आग लागेल, माणसं आत अडकतील, असं सगळं चित्र त्याच्या डोळ्यांपुढे आधीच उभं राहतं. समोरच्या काचेवर कॅमेरा लावायचा असेल तर वायर छताच्या अस्तराखाली सरकवतो, दाराजवळच्या खांबाच्या आवरणामागून खाली उतरवतो, वाटेत एअरबॅग असेल तर तिच्या मागून, आणि फ्यूजच्या डब्यात स्वतंत्र फ्यूज टाकून जोडतो. काम संपल्यावर कॅमेरा तेवढा दिसतो. वायर कुठून गेली ते मालकालाही सांगता येत नाही.

हरिदासच्या जीपमध्ये त्याने असाच कॅमेरा बसवला. हरिदास आमच्या गावचा, सवारी गाडी चालवतो. एका मोटरसायकलवाल्याने स्वतः येऊन धडक दिली आणि वर यालाच दमदाटी केली, तेव्हापासून त्याला पुरावा हवा होता. गाडी बंद असतानाही कॅमेरा चालू राहावा म्हणून पत्रूने एक वायर कायम करंट असलेल्या फ्यूजवरून घेतली. त्या वायरवर एक छोटी डबी असते. बॅटरी उतरत चालली की ती कॅमेरा आपोआप बंद करते, म्हणजे गाडी चालू होण्यापुरता करंट शिल्लक राहतो. किती उतरल्यावर बंद करायचं, ते डबीवरच्या बारीक बटणाने ठरवता येतं. पत्रूने अर्थात सगळ्यात आधी बंद होईल असं लावलं.

मग मोहाचे दिवस आले. आमच्याकडे मोहाची झाडं घराघरात वाटलेली असतात, जंगलात असली तरी. आजोबाने ज्या झाडाखाली वेचलं त्याच झाडाखाली नातीने वेचायचं, दुसऱ्याच्या झाडाखाली जायचं नाही. उजाडता उजाडता बाया टोपल्या घेऊन जातात आणि खाली वाकून एक एक फूल उचलतात. वाकलेलं माणूस वाघाला माणूस वाटत नाही, असं म्हणतात. मागच्या साली शेजारच्या गावची बाई अशीच वाकलेली असताना गेली. जंगलात आम्ही त्याचं नावही घेत नाही. नुसतं ‘तो’ म्हणतो.

त्या बाईनंतर सगळ्या जणी हरिदासच्या जीपमधून जाऊ लागल्या. गाडी मधल्या मोकळ्या जागेत उभी करायची, काही वाटलं की धावत येऊन आत बसायचं. पहिल्याच दिवशी मंगलीच्या लक्षात आलं की उभ्या गाडीसमोर काही हललं तर कॅमेऱ्याचा लाल दिवा लुकलुकतो.

“माह्या घरवाल्यानं लावला हाय,” तिने बायांना सांगितलं, “तो आला का दिवा पेटते. आपुन खाली पाहून वेचाचं, मंधामंधात दिव्याकडे पाहाचं.”

झालं. कॅमेरा राखणदार झाला. हरिदास जीपचं तोंड मोहाच्या झाडांकडे करून ठेवू लागला. फूल पडलं तरी दिवा लुकलुके, खार पळाली तरी लुकलुके, पण बायांना त्याचाच धीर वाटे. जागा आहे ना, झोपला तर नाही, एवढं पुरे होतं.

काही दिवसांनी सकाळीच कॅमेरा बंद पडला. गाव ते जंगल जेमतेम अंतर, तेवढ्यात बॅटरी भरत नव्हती. आणि कॅमेरा तर हरिदासच्या अंगणातल्या कोंबड्यांचीही रात्रंदिवस राखण करत होता. डबीने आपलं काम केलं, कॅमेरा बंद केला. बाया घाबरून टोपल्या अर्ध्या टाकून परत आल्या, आणि मंगलीने माझ्या दुकानासमोर नवऱ्याला धारेवर धरलं.

“आमी तिकडे वाकून राहतो अन् तुमचा दिवा बंद! काई झालं असतं तं?”

पत्रूचा चेहरा पांढरा पडला. जे चित्र तो सारखं टाळत होता तेच तिने पुढे ठेवलं होतं. त्याने लगेच हरिदासची जीप आणवली आणि ते बारीक बटण पार खालच्या टोकाला सरकवलं. आता बॅटरी मरेपर्यंत कॅमेरा बंद होणार नव्हता. एरवी फ्यूज तीनदा तपासणारा माणूस, पण त्या दिवशी त्याला एकच भीती दिसत होती आणि दुसरी तिच्या मागे लपली होती.

“गाडी चालू नाई झाली तं?” मी विचारलं.

“होईन भाऊ. दिवा बंद नाई पडला पायजे.”

त्यानंतर त्याला झोप येईना. शेवटी एके सकाळी तो स्वतःच जीपमध्ये येऊन बसला, दिवा नीट लागतो का पाहायला. मलाही सोबत ओढलं. जीप उभी राहिली, दिवा लुकलुकला, बाया आपापल्या झाडाखाली पांगल्या. पत्रू मात्र काचा वर करून आत बसून राहिला, घामाने निथळत. मी दार उघडून पाय खाली सोडले तर माझा शर्ट धरून ओढू लागला. मी त्याला हसलो.

मंगलीचं झाड सगळ्यात लांब, कोरड्या नाल्याच्या पलीकडे. गाडीतून तिचं हिरवं लुगडं झाडांमधून दिसत होतं. ती वाकायची, सरकायची, मान वर करून आमच्याकडे पाहायची, पुन्हा वाकायची.

आधी वानर खाकरलं. मग दुसरं. मग नाल्याच्या बाजूने चितळ ओरडलं आणि माझं हसू घशातच राहिलं. तो जवळ असल्याचे हे आवाज आमच्याकडे लेकरांनाही कळतात. बाया टोपल्या टाकून धावत आल्या आणि एकमेकींच्या अंगावर पडत गाडीत शिरल्या. कलाबाई शेवटची आली. ती नुसता हात नाल्याकडे करत होती.

“नाल्यात हाय,” ती कशीबशी म्हणाली. “मंगलीकडे चालला.”

हरिदासने चावी फिरवली. कट्. पुन्हा फिरवली. कट्, कट्. हॉर्न दाबला तर सर्दी झालेल्या बोकडासारखा आवाज निघाला आणि तोही विरला. आम्ही सगळे ओरडलो, “मंगली! पळ! मंगली वो!”

तिने मान वर केली. आवाज तिला ऐकू गेला होता, यात शंका नाही. तिने सरळ आमच्या काचेकडे पाहिलं, थोडा वेळ पाहत राहिली, आणि पुन्हा खाली वाकली.

बहीण ऐकून न ऐकल्यासारखं करते आहे आणि नाल्याच्या काठचं गवत हलतं आहे. असं काऊन करते, मला काही कळेना.

“दिवा पाहून राह्यली ते,” पत्रू म्हणाला. त्याचे दात वाजत होते. “बॅटरी मेली ना भाऊ. दिवा पेटला नाई, तं तिले वाटते काईच नाई. बाया रोजच आरडतेत.”

गाडी ढकलायची तर खाली उतरायला हवं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी हलत नव्हतं. मीही हललो नाही. हरिदास स्टिअरिंग धरून देवाचं नाव घेत होता. मी दाराच्या दांडीला असा चिकटलो होतो की बोटं सुटेनात.

दार उघडल्याचा आवाज आला. पत्रू खाली उतरला होता. त्याची पँट ओली झाली होती आणि तो चक्क रडत होता, पण उतरला होता.

“ढकला!” तो आमच्यावर खेकसला. आयुष्यात पहिल्यांदा. “सेकंडमंधी टाक हरिदास! ढकला ना!”

आणि आम्ही ढकलू लागायच्या आतच तो नाल्याच्या दिशेने पळत सुटला, हात वर करून, मोठमोठ्याने ओरडत. काय ओरडत होता ते त्यालाही सांगता येणार नाही. त्याला पाहून माझी बोटं सुटली. मी उतरलो, कलाबाई उतरली, मागच्या बायाही उतरल्या. आम्ही जीपला खांदे लावले. उतारावर ती हलली, घरंगळली, हरिदासने क्लच सोडला तसा झटका बसला, काळा धूर निघाला आणि इंजिन गरजलं.

त्याच वेळी मंगलीने पुन्हा मान वर केली. या वेळी तिने काचेकडे पाहिलं नाही. टोपली तिथेच टाकून ती पत्रूकडे धावली. तिच्या झाडामागच्या गवतातून ‘तो’ उभा राहिलेला मी पाहिला. डोकं केवढं मोठं होतं, आणि मंगली जिथे वाकली होती त्या जागेपासून किती जवळ होता. इंजिनचा आवाज वाढला तसा तो वळला, काहीच घाई नसल्यासारखा, आणि झाडांत गेला.

आम्ही दोघांना ओढून गाडीत घेतलं. गावाची पहिली घरं दिसली. मग मी मंगलीवर भडकलो.

“एवढे आरडून राह्यलो, तुले ऐकू नाई आलं?”

“आलं ना. पण दिवा कुठी पेटला होता?” ती म्हणाली. मग तिने नवऱ्याकडे पाहिलं, त्याच्या ओल्या पँटकडे पाहिलं आणि पदराचा बोळा तोंडावर धरला. “मंग हे दिसले. जंगलात, पायदळ. तवा समजलं का काईतरी लय वाईट झालं हाय.”

गावात पोचल्यावर पत्रूने सगळ्यात आधी ती कायम करंटची वायर काढली आणि बायांना एकेकीला सांगितलं की कॅमेरा राखणदार नाही, त्याच्याकडे पाहू नका. बटण आपणच खाली सरकवलं होतं, तेही सांगितलं. मंगलीला मोहाला जाऊ नको म्हणाला. तिने ऐकलं नाही. झाड सोडलं तर ते आपलं राहत नाही.

मोहाचे दिवस अजून सरलेले नाहीत. पत्रू सकाळचं दुकान बंद ठेवतो आणि तिच्यासोबत जातो. त्याची भीती तसूभरही कमी झालेली नाही, उलट वाढली आहे. पान पडलं तरी दचकतो, घाम पुसतो. मी आता हसत नाही. ती झाडाखाली वाकते तेव्हा तो तिच्या पाठीला टेकून, जंगलाकडे तोंड करून उभा राहतो, आणि थोड्या थोड्या वेळाने विचारतो, “झाली का वो टोपली?”