पाठ घासायची पिशवी

आरशात माझ्या पाठीवर काळे चट्टे दिसले तेव्हा मी पटकन पदर ओढून घेतला. माझ्या आईला कॅन्सरनं नेलं होतं. घरात मी चकार शब्द काढला नाही, पण सासूबाईंपासून काय लपतंय? त्यांना मी आत्या म्हणते. भवानी पेठेतल्या टॉवेलच्या कारखान्यात त्या काठ शिवायच्या. तिथल्या उरल्यासुरल्या तुकड्यांची, हात आत घालून पाठ घासायची एक पिशवी त्यांनी शिवली होती. दर रविवारी आम्ही तिनं एकमेकींची पाठ घासायचो.

"मळ हाय गं. निघंल की," म्हणत त्या असा जोर लावायच्या की मी मोरीतून ओरडायची, "अहो आत्या, पाठ आहे ती, पातेलं नव्हे!" घासावं तितकं काळं होत चाललं. मग खाजही सुरू झाली. माझी झोपच उडाली.

शेवटी एकदा मला रडूच फुटलं. "आईसारखं झालं असेल तर माझ्या पोरीचं कसं व्हायचं?" आत्यांनी पायात चपला सरकवल्या आणि मला रिक्षात घालून थेट कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाईंनी दिवा असलेलं भिंग पाठीला टेकवून चट्टे नीट पाहिले. खाजतं का, घरात आणखी कुणाला आहे का, सगळं विचारलं. मग पाठीवरून बोट फिरवत म्हणाल्या, "हाडं वर आलीत तिथंच काळं आहे. मधला खोलगट भाग स्वच्छ. पाठ कशानं घासता?"

आत्याच म्हणाल्या, "पिशवीनं. मीच घासते. लई दाबून."

"आजपासून बंद. हा कॅन्सर नाही. घासून घासून कातडी काळी पडलीय. मलम देते, हळूहळू फिकट होईल. नाहीच झालं, तर छोटा तुकडा काढून तपासू. आज त्याची गरज नाही."

मला इतकं हायसं वाटलं की मी तिथंच हसत सुटले. आत्या मात्र रिक्षात डोळ्यांना पदर लावून बसल्या.

"मला बी तुज्या आईच्या दुखण्याचंच भ्या वाटायचं गं," त्या म्हणाल्या. "मळच असू दे, निघू दे, म्हणून जोर करायची."

पुढच्या रविवारी त्या मोरीत आल्या त्या नुसत्या हाताला साबण लावून. पाठीला हात लावायलाही बिचकत होत्या.

"लावा की आत्या," मी म्हटलं.

त्यांनी हलकेच तळहात टेकवला. शिवून शिवून खरखरीत झालेला. आई गेल्यापासून माझ्या पाठीवरून कुणी असा हात फिरवला नव्हता. मी डोक्यावर तांब्याभर पाणी ओतून घेतलं, तरी रडतेय हे त्यांना कळलंच.